लाइन न कापणारा माणूस

"थांबा भाऊ, अजून येऊन राह्यलं," असं म्हणत तो डावा तळहात माझ्यापुढे धरायचा. डोळे स्क्रीनवर. स्क्रीनवर तर काहीच हलत नसायचं. मी चिडायचो. तो मात्र, पाहुणा चपला काढेपर्यंत यजमान दारात उभा राहतो तसा, शांत.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर आपलं बोलणं कधी अर्धवट राहत नाही. मला आयुष्यात असा एकच भेटला.

यवतमाळला एका धर्मादाय दवाखान्याच्या औषधभांडारात आम्ही दोघं कॉम्प्युटरचं काम बघायचो. तो उमरखेडकडच्या एका तांड्यावरचा. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, कॉम्प्युटरशी पायथन. तिन्ही सारख्याच सावकाशीनं. टपरीवाला म्हणायचा, "हा 'साखर कमी' म्हणेपर्यंत माह्यी साखर टाकून होते."

त्याच्या वडिलांची जीभ अडखळायची. घरात नियम होता, त्यांचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करून द्यायचं नाही. "शब्द त्यायचा हाय, तर त्यायनंच आणावा ना," तो सांगायचा. एकदा जेवायला बसल्यावर वडिलांना मीठ मागायचं होतं. मीठ समोर होतं, सगळ्यांना कळलं होतं, तरी घर थांबून राहिलं. "भाजी थंडी झाली, पण मीठ त्यायनंच मागतलं," हे सांगताना तो पोट धरून हसायचा.

दवाखान्याची गावोगाव छोटी केंद्रं होती. तिथल्या नर्सनं औषधाची मागणी कॉम्प्युटरवर लिहायची, ती आमच्याकडे छापून निघायची, आणि गाडी औषध घेऊन जायची. मधला प्रोग्राम आधी मी लिहिला होता. नेटवर्कच्या सॉकेटवर, म्हणजे लांबून आलेला मजकूर ज्या टोकाला येऊन पडतो तिथं, तो वाचत बसायचा. मला वाटलं होतं, एकदा वाचलं की सगळं हाती येतं. तसं नसतं. जेवढं पोचलंय तेवढंच हाती पडतं. नेट मंद असेल तर मजकूर तुकड्यातुकड्यानं येतो. मारेगावकडच्या केंद्रानं विषावरची इंजेक्शनं मागितली की आमच्या कागदावर कधी नुसतं केंद्राचं नाव छापलं जायचं. वर मी मुदतही घातली होती. तेवढ्यात काही आलं नाही तर लाइन कापायची.

ते पाहून तो पहिल्यांदाच माझ्यावर रागावला. "काहून कापता भाऊ? तिकडं टावर धड नाही. ते बाई बिचारी बोलून राह्यली, अन् तुमी दार लावता?"

त्यानं प्रोग्राम नव्यानं लिहिला. मागणीच्या शेवटची खूण दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचं. मुदत काढून टाकली. मागण्या पूर्ण येऊ लागल्या. दिवाळीला केंद्रांवरच्या नर्सनी त्याच्यासाठी गाडीवाल्याबरोबर चिवडा पाठवला. मला पाठवला नाही, आणि ते रास्तच होतं. मीही त्याचं काम वाचून मान डोलावली होती.

ती कपाशीची वाईट वर्षं. बोंडअळी औषधाला जुमानेना. पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, डोक्याइतकी उंच वाढलेली, आणि तिच्यात शिरून मजूर दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारायचे. तोंडाला नुसता रुमाल, तोही औषधानं भिजलेला. मग केंद्रांवर माणसं यायची. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस.

अशाच एका दुपारी एका केंद्राची मागणी अर्धी आली आणि तिथली वीज गेली. समोरच्यानं नीट लाइन बंद केली की आपल्याला रिकामं उत्तर मिळतं आणि कळतं, पलीकडे कुणी नाही. वीज गेल्यावर तसं उत्तर येत नाही. काहीच येत नाही. त्याच्या प्रोग्रामच्या लेखी याचा अर्थ एकच होता, पलीकडच्याचं बोलणं अजून बाकी आहे. प्रोग्राम थांबून राहिला. आणि तो एका वेळी एकाचंच ऐकायचा.

त्यामागं दुसऱ्या केंद्राची मागणी येऊन अडकली होती. तिथल्या नर्सला तिच्या स्क्रीनवर 'पाठवलं' असं दिसलं होतं, म्हणून तिनं फोन केला नाही. गाडी निघाली असं समजून ती रस्त्याकडे बघत राहिली. तिच्याजवळची इंजेक्शनं संपली होती. खाटेवर फवारणीचा एक मजूर तळमळत होता. आमच्या कपाटात इंजेक्शनांचे खोके होते.

"गाडी कुठं अडकली जी?" असा तिचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. गाडी पळवली. पोचली तेव्हा तिचा उपयोग नव्हता.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर मिळालं असतं तरी वाचला असता असं सांगता येत नाही. मी ते वाक्य घट्ट धरलं. त्यानं धरलं नाही. "एकाचं ऐकत बसलो भाऊ, अन् दुसरा दारात मेला," एवढंच तो म्हणाला. प्रत्येक लाइन वेगळी ऐकायची आणि मुदत पाळायची, असा बदल शेवटी मी केला. त्याला म्हटलं होतं, तूच कर. "माह्या हातानं नाही होत."

मग त्यानं हट्ट धरला, त्या मजुराच्या घरी जायचं.

"त्याच्या बायकोले काय समजन सॉकेट?" मी म्हणालो.

"समजन तेवढं सांगतो. पण सांगतो."

आम्ही मोटारसायकलनं गेलो. अंगणात फवारणीचा पंप पालथा पडला होता. मजुराची बायको उंबऱ्याला टेकून बसली, सासू चुलीपाशी. तो जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. मागणी आली होती, माझ्या प्रोग्रामनं ती घेतली नाही, चूक माझी, असं तो म्हणाला. 

मग मजुराच्या बायकोनं विचारलं, "म्हंजे औषध होतं?"

"होतं."

"यवतमाळले?"

"हो. आमच्या कपाटात."

"मले तं सांगतलं का औषधच नोतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, जाऊ दे. नोतंच, तं कोण काय करन?"

आणि ती रडायला लागली. 'नव्हतंच' या एका शब्दावर तिनं इतके दिवस काढले होते. तो आम्ही तिच्याकडून काढून घेतला. आम्ही गेलो हे बरोबर की चूक, मला आजही ठरवता येत नाही. एकटा असतो तर मी गेलोच नसतो, एवढं नक्की ठाऊक आहे.

सासूनं त्याच्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला. तो हात लावेना. बाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "प्या, अन् जा. अन् पुन्हा नका येऊ इकडं."

त्यानं गिलास रिकामा केला.

तो कामावर परत आला नाही. तांड्यावर फोन केला तर त्याच्या आईनं सांगितलं, ऊसतोडीला गेला. कुठं, ते तिलाही नीट माहीत नव्हतं.

मला शेवटचा दिसला तो त्या दिवशी परतताना, मजुराच्या गावच्या फाट्यावर. "तुमी व्हा पुढं भाऊ, मी एसटीनं येतो," म्हणून तो उतरला होता. थोडं पुढं जाऊन मी गाडी थांबवली. यवतमाळची एसटी आली. कंडक्टरनं दार उघडून त्याला काहीतरी विचारलं. तो खाली बघत होता. दार लागलं, घंटी वाजली, एसटी माझ्या बाजूनं निघून गेली. धूळ खाली बसली तेव्हाही तो तिथंच उभा होता, आणि मी किक मारली.