संत्र्याची साल

नोकरी सोडून तिचा थोरला मुलगा वर्षानुवर्षं घरीच बिअर बनवत होता. चव जमली, तसा तो आपल्या कृतीने बिअर करून देणारा कारखाना शोधू लागला. आज अशाच एका कारखान्यात त्याने आईलाही सोबत आणलं होतं. टाक्या लखलखीत होत्या, मालक तोंडाचा गोड.

“काकू, घ्या, लाजू नका!” पेले भरता भरता त्याने आवाज खाली आणला. “ही दुसऱ्या गिऱ्हाइकाची. हिच्यात संत्र्याची भाजलेली साल घालतो. कुणाला बोलू नका हं.”

थोरला खूश झाला. आईने पेला खाली ठेवला. मालक बाटली ठेवायला वळताच ती कुजबुजली, “अरे, उद्या तुझंही असंच सांगेल.”

“आई, तुझं आपलं काहीतरीच!”

मालक परतला. “तर तुमच्या बिअरमध्ये काय घालता?” म्हणत त्याने खुर्ची जवळ ओढली, आणि थोरला भरभरून सांगू लागला.