आव्याचा इस्तू

माझ्या बापानं जन्मात मातीचा एकच बैल असा केला, जो कुठल्याच भट्टीत मावला नसता. पुरुषभर उंच, आतून पोकळ. म्हणून तो उभा होता तिथंच, पारासमोर, त्याच्याभोवती गोवऱ्या, तुराट्या अन् खापरं रचून आवा लावला. पोळा आठ दिवसांवर आला होता, पावसानं उघाड दिली होती. बैल भाजताना बघायला सगळं गाव लोटलं. मी सासरहून आले होते. दलित वस्तीवरचे काका हलगी वाजवायलते; आवा पेटवताना बापाला त्यांचीच हलगी लागायची.

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाल्यापासून गावाची डोकी फिरली होती. दुपारी पंचवीस-तीस जण आले, काठ्यांना चिंध्या गुंडाळून. सगळे ओळखीचे. पहिली काठी काकांच्या तोंडावर बसली. हलगी फाटली, दात मातीत पडले.

"कुंभारा, इस्तू दे. वस्ती पेटवायची हाय."

काडेपेटी तर प्रत्येकाच्या खिशात होती. मुडद्यांना इस्तू नको होता, त्यात बापाचा हात पाहिजे होता.

"आव्याचा इस्तू कुणाला देत न्हाईत," बाप म्हणाला. आमच्यात खरंच देत न्हाईत. दिला तर भांडं कच्चं राहतं म्हणतात.

त्यांनी त्याला लाथांनी तुडवला. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. एकजण आव्यात काठी खुपसायला वाकला, तसं बाप पडल्या पडल्या माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरी, पाणी वत."

तापल्या मातीवर पाणी पडलं की काय होतं, हे कुंभाराच्या लेकीला सांगावं लागत न्हाई. बापाची दोन महिन्यांची मेहनत होती ती. मी भरला रांजण आव्यावर लोटला.

बैल फुटला तशा कानठळ्या बसल्या. वाफ, निखारे, खापरं. वाकलेल्या काठीवाल्याचा गाल फाटून दाढा दिसायल्या. माझा हात कोपरापर्यंत भाजला. मला लय आनंद झाला, खोटं कशाला सांगू? त्या पळापळीत काका वस्तीकडं धावले अन् तिथली माणसं ज्वारीत शिरली.

तासाभरानं वस्ती जळाली. काडेपेटीनंच. माणसं तेवढी वाचली.

माहेरी गेले की अजून कुणीतरी विचारतं, "तुझ्या बापाचा बैल फुटला, तो दिवस आठवतो का गं?" वस्ती जळाली तो दिवस, असं कुणी म्हणत न्हाई.

"फुटला न्हाई, मी फोडला," मी म्हणते. "का फोडला ते इचार."

ते कुणी विचारत न्हाई.