फिरंगी तोपचीचं बिऱ्हाड

ओल्या जॅकेटांचा कुबट वास आला, की मला कॅनडातल्या बर्नाबीच्या हॉलमधलं माझं ते भाषण आठवतं. आमच्या मंडळात पोह्यांनंतर कुणीतरी बोलायचं अशी प्रथा; त्या शनिवारी मी इतिहासकार झालो होतो. विषय होता मांडलिक राजांच्या फौजेतले फिरंगी तोपची. एकाने राजाची वीस वर्षं चाकरी केली, पण इंग्रजांशी तह झाला आणि त्यात अट आली, की फौजेत परका माणूस नको. झालं, त्याला हाकललं. हशा हवा म्हणून मी जोडलं, "आपण तरी कोण? भाडोत्रीच! तोफेऐवजी लॅपटॉप, एवढंच." हॉल खदखदून हसला. पहिल्या रांगेतून माझ्या ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "त्याच्या बायकोमुलांचं काय झालं रे?" मी म्हणालो, "काय व्हायचंय? धरला असेल दुसरा राजा!" टाळ्याच टाळ्या. परतताना गाडीत बायको म्हणाली, "मोठा आलास राजे वाटणारा! तुझ्या त्या मित्राचं वर्क परमिट सकाळीच रिजेक्ट झालंय. मुलीची बारावी अर्धी राहणार." मी लगेच त्याला फोन लावला आणि माफी मागायची सोडून विचारलं, "कसं झालं भाषण?" "छान," तो म्हणाला, "मागेपर्यंत ऐकू येत होतं." महिन्याभरात ते देश सोडून गेले. तो तोपची पुढे कुठे गेला, हे मी नंतर तीन लायब्रऱ्या पालथ्या घालून शोधलं. मित्र कुठे गेला, हे एका फोनवर कळेल. तो फोन मात्र मी अजून केलेला नाही.