बोर्डावरचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीवरच्या मैत्रिणीलाही नाही – ती होती तेव्हा. आता पाथर्डी फाट्यावरच्या खोलीत मी एकटीच असते. बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका लहान कारखान्यात नोकरी करते. दिंडोरीकडे द्राक्षांची शीतगृहं आहेत ना, त्यांचं तापमान सांभाळणारी यंत्रं आम्ही बनवतो. त्यातलं कर्नेल – म्हणजे सॉफ्टवेअरचा गाभा, बटण दाबलं की सगळ्यांत आधी जागा होतो तो – माझ्याकडे. आणि तयार यंत्र चालू करून तपासायचं काम वंदनाताईंकडे. वयाने माझ्याहून मोठ्या, तरी मला मॅडम म्हणायच्या. माझ्या जेवणाची आबाळ बघून जास्तीची भाकरी आणायच्या. "तुमचा कॉम्प्युटर जेवू घालतो का हो तुम्हाला?" म्हणत पुढ्यात ठेवायच्या. नाशकात माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी नव्या यंत्राला हळदकुंकू वाहायचा मान वंदनाताईंना मिळाला. त्यांनी भक्तिभावाने आतल्या उघड्या सर्किट बोर्डालाही कुंकवाचं बोट लावलं. नारळ फुटला, साहेबांनी बटण दाबलं – आणि यंत्र सुरूच होईना. पडद्यावर दोन-चार ओळी यायच्या नि ठप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. समोर गिऱ्हाईक बसलेलं, साहेब लालबुंद.

मी बोर्ड घेऊन माझ्या टेबलाशी गेले. कर्नेल नेमकं कुठे पडतंय ते कळावं म्हणून त्याला प्रत्येक पायरीवर एक ओळ छापायला लावली – तर बेटं सुरळीत सुरू झालं! ओळी काढल्या, पुन्हा कोसळलं. आणि चूक कुणाची ते मला कळलं. कारण असल्याच ओळी आदल्या दिवशी मीच उडवल्या होत्या, यंत्र झटपट सुरू व्हावं म्हणून. वंदनाताईंची तपासणी त्याआधीच झाली होती. पुन्हा करा असं मी त्यांना सांगितलंच नाही. त्या ओळी छापण्यात जो क्षणभर जायचा, तेवढ्यात तापमानाचा सेन्सर जागा व्हायचा. आता तो जागा होण्याआधीच कर्नेल त्याला हाक मारत होतं, आणि उत्तर न मिळाल्याने तिथेच कोसळत होतं. कुंकवाचा काडीचाही संबंध नव्हता.

सेन्सरसाठी थांब, एवढी एक सूचना मी आत घातली. यंत्र चालू झालं. साहेब येऊन विचारू लागले, काय झालं होतं? काय जड होतं सांगायला – माझी चूक, एवढंच ना? पण मी म्हणाले, "कुंकू गेलं होतं आत. साफ केलं."

का म्हणाले? भीतीने – हो. पण हुशार म्हणवून घ्यायची हौसही होतीच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर ज्या बाईने मला जेवू घातलं, तिचंच अंगण वाकडं ठरवलं.

सगळे हसले. बरेच दिवस थट्टा चालली, मग ती थट्टा उरली नाही. साहेबांनी वंदनाताईंना तपासणीवरून काढून पॅकिंगला बसवलं. जायच्या आधी त्या माझ्यापाशी आल्या. "मॅडम, माझ्या हातानं तुमचं काम बिघडलं. राग धरू नका हो."

मी म्हणाले, असू द्या. असू द्या – म्हणजे मी त्यांना माफ केलं!

त्यांनी भाकरी आणणं थांबवलं नाही. मीच जेवायची वेळ बदलली. आता टेबलाशीच बसून एकटी खाते.

गेल्या खंडेनवमीला पूजेचं ताट हातोहात फिरत वंदनाताईंपर्यंत आलं. त्यांनी हात एप्रनला पुसले, मागे घेतले, आणि मानेनेच ताट पुढे न्यायला सांगितलं. ते माझ्याकडे आलं. मी सगळ्या यंत्रांना कुंकू लावलं – बोर्डांनासुद्धा. सगळी सुरू झाली. वंदनाताईंनी टाळ्या वाजवल्या.