शुक्रवारचं शून्य

रागावणं ही कला मानली, तर माझे मामेसासरे त्या कलेतले घराणेदार गवई आहेत. आमच्या शहराचं जुनं नाव होतं तेव्हापासून नवं नाव लागून पाट्या बदलेपर्यंत मी त्यांना तासभर सलग शांत बसलेलं पाहिलेलं नाही. आयुष्यभर फुलंब्रीत भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते सगळ्या जगाला शिकवायला घेतलं. भाजीवाला "काका, वजन बघून घ्या" म्हणाला की हे गरजणार, "वजन नाही, वस्तुमान!" भाजीवाला तितक्याच आदरानं म्हणायचा, "व्हय काका, ते बी घ्या, आजच आलंय." माझ्यावर तर त्यांचा विशेष लोभ. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला मी फ्यूज बदलायच्या उत्साहात त्यांच्या अख्ख्या गल्लीची लाईट घालवली होती. तेव्हापासून त्यांच्या तोंडच्या "जावईबापू" या संबोधनात बापूला काही अर्थ उरलेला नाही.

पण हा झाला हौशी राग. खरा राग त्यांना आला तो त्यांच्या लेकीमुळं, सुनंदामुळं. म्हणजे तिच्यावर नव्हे, तिच्या बाजूनं. सुनंदा माझी मेहुणी, शहरातच राहते. तिची लेक चिऊ चालती-बोलती झाली न झाली तोच तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर त्याला ल्युकेमिया म्हणतात. उपचार सुरू झाले, पोर औषधांना साथ देत होती, घर कसंबसं उभं होतं. अशात पाचोडहून सुनंदाच्या आतेसासूबाई भेटायला आल्या. त्यांनी पोरीकडं कमी आणि खिडकीबाहेर जास्त पाहिलं. भिंतीपलीकडं डीपी आहे, म्हणजे गल्लीला वीज पुरवणारा, दिवसभर गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर. भिंतीच्या अलीकडं चिऊचा पाळणा असायचा.

"पोरीला करंटच्या उशाला निजवलं व्हतं गं तुम्ही," आत्याबाई म्हणाल्या. "मंग दुसरं काय व्हणार?" एवढं बोलून त्यांनी चहा घेतला, साखर कमी असल्याचं सांगितलं आणि गाडी गाठली.

सुनंदानं त्याच दिवशी पाळणा माळ्यावर टाकला. त्या कोपऱ्यात नंतर काहीच आलं नाही, स्टूलसुद्धा नाही. झाडतानादेखील ती तेवढी जागा सोडून वळसा घालायची. आणि येईल त्याला विचारायची, "दाजी, खरंच पाळण्यामुळं झालं असंल का हो?" मी काय सांगणार, मी इतिहासात पदवी घेतलेला माणूस, तीही दुसऱ्या फेरीत.

मामांनी मात्र उत्तर शोधायचा विडा उचलला. चुंबकीय क्षेत्र मोजायचा हाताएवढा मीटर मागवला, इंटरनेटवरचे शोधनिबंध छापून आणले आणि ते भांडणाच्या आवाजात वाचायला लागले. त्यांचा राग निःपक्षपाती होता. कोणी मोबाईलच्या टॉवरला शिव्या दिल्या की, "ते वेगळं, हे वेगळं, भेळ करू नका!" वीज कार्यालयातले साहेब हसून "काही नसतं हो काका" म्हणाले, तर त्यांना, "नसतं, हे तुम्ही मोजलंत का हसलात?" मी एका प्रदर्शनातून किरणं शोषून घेणारं स्टिकर मोठ्या विश्वासानं आणून सुनंदाच्या फ्रिजवर चिकटवलं होतं. मामांनी आधी आणि नंतर मीटर धरला. आकडा हलला नाही. "आता तुमच्या कपाळावर लावून बघू," ते म्हणाले, "तिथं तरी काही हलतंय का."

अशात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पाळण्याची जागा मोजायचं काम नाइलाजानं माझ्याकडं आलं. मी दुपारी सुनंदाकडं गेलो, कोपऱ्यात गुडघे टेकून मीटर धरला. शून्य. भिंतीला चिकटवला. शून्य. "सुनंदा, काहीच नाही गं, पूर्ण शून्य!" ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग हसली. कित्येक महिन्यांनी हसली. तिनं माझ्यासाठी शिरा केला. तो खात खात मी मामांना विजयाचा फोन लावला.

"जावईबापू, पंखा चालू होता का?"

"नाही ना मामा, घामाघूम झालो."

"का नव्हता?"

"लाईट नव्हती. आज शुक्रवार."

त्या भागात देखभालीसाठी शुक्रवारी लाईट जाते, हे आमच्याकडच्या मांजरांनाही ठाऊक आहे. तारेत करंटच नसेल तर क्षेत्र येणार कुठून? पुढं मामा जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मी गयावया केली, "मामा, राहू द्या ना. हसली हो ती आज."

"खोट्या शून्यावर हसली," ते म्हणाले. "उद्या तिला शुक्रवार आठवला, तर नंतर माझ्याही बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीतले कूलर आणि पाण्याच्या मोटारी सुरू असताना, मामा काळा चष्मा लावून हजर झाले. आकडा मला वाचायला लावला. शून्य नव्हता. स्वयंपाकघरात मिक्सरजवळ कितीतरी जास्त होता, फ्रिजजवळ साधारण कोपऱ्याइतकाच. सुनंदा दारात पदर मुठीत धरून उभी.

"सुनंदा, इथं आहे," मामा म्हणाले. "अभ्यास करणारे ज्याला जास्त म्हणतात, त्याच्या बरंच खाली आहे. जास्त असतं तिथं हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यासांत आलंय. त्यानंच होतो, असं कोणी दाखवलेलं नाही. म्हणून 'नक्कीच नाही' असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. पण 'त्यानंच झालं' म्हणणाऱ्या बाईलाही माहीत नाही. माहीत नसताना आईच्या माथी मारून गेली, चहा पिऊन गेली!"

"मग मी काय समजू, अप्पा?"

मामांनी माझ्या हातातला मीटर घेऊन बंद केला. रागावायला समोर मी होतो, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात टेम्पोतून त्यांची लोखंडी खाट फुलंब्रीहून आली आणि बरोबर त्या कोपऱ्यात पडली. आत्याबाई पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या, "अवो, तिथं कशाला झोपता? करंट हाय तिथं."

"असू द्या," मामा म्हणाले, "हाडं शेकतात."

आता चिऊचे केस कानावर येतात. शाळेतून आली की ती आजोबांच्या पोटावर मीटर ठेवते आणि "आजोबा, आज राग कमी आहे" असं सांगते. खरंच कमी आहे. मी मुद्दाम त्यांच्यासमोर वस्तुमानाला वजन म्हणून पाहतो, तर नुसते हुंकार देतात, आणि मला उगीच चुकल्यासारखं होतं.

शुक्रवारी लाईट गेली की डीपीची गुरगुर थांबते आणि त्या शांततेनं मामांना दुपारच्या झोपेतून जाग येते. कोणावर ओरडायचं म्हणून ते मान उचलून इकडं तिकडं बघतात. खाटेच्या पायथ्याशी, त्याच कोपऱ्यात, सुनंदा मेथी निवडत बसलेली असते. मग ते पुन्हा डोळे मिटतात.