बाळंतिणीची खोली मी बंद केली

अगरबत्ती खिडकीच्या कडेपाशी नेली तसा धूर आत वाकला. म्हणजे वारा तिथून येतो. फटी शोधायची माझी ही साधी पद्धत. मी बदलापुरात स्लायडिंग खिडक्यांची कामं करतो.

घर जवळच्या चामटोली गावातलं, नीलेशचं. थंडीचे दिवस. त्याचं बाळ जेमतेम बारा दिवसांचं, त्यात सर्दी.

"काका, सगळं पॅक करा. वारा बिलकुल नको," नीलेश म्हणाला.

फ्रेमला सिलिकॉन भरलं, दाराखाली रबर लावलं. सगळ्यात जास्त वारा भिंतीतल्या झरोक्यातून येत होता. त्यात थर्माकोल कापून घट्ट बसवला. मग धूर सरळ वर गेला आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

कोपऱ्यात कोळशाची शेगडी होती, बाळ-बाळंतिणीला शेक द्यायची. आमच्याही घरी असायची. ओळखीची वस्तू, म्हणून मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलेशचा फोन आला. "काका, ही उठतच नव्हती. बाळ पण ढिलं पडलंय. हॉस्पिटलला आणलंय."

मी धावत गेलो. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठला, असं डॉक्टर म्हणाले. त्याला वास नसतो. नीलेशची आई पेज घेऊन आत गेली, तिनं दार उघडलं, म्हणून दोघं वाचली.

आणि बाहेर नातेवाईक तिलाच बोलत होते. "शेगडी ठेवून बाहेर जातात का? एवढं कळत नाय?"

"चार पोरींची बालंतपनं अशीच केली," ती खाली मान घालून म्हणाली. "कधी काय झाला नाय."

खरंच होतं ते. तेव्हा झरोका उघडा होता. मला तिथंच सगळं कळलं, तरी मी गप्प राहिलो. गावात नाव खराब होईल, याची भीती वाटली. त्याची आजही लाज वाटते.

आठवड्यानं जाऊन थर्माकोल काढला आणि नीलेशला खरं सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांगा."

ती ओटीवर एकटी बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तवा बोलाचा होता," ती म्हणाली. "आता मना कोनी बाल उचलू देत नाय."

आता कुठलीही फट बुजवण्याआधी मी विचारतो, आत काय पेटवता? झरोक्याला तर हातच लावत नाही. आणि चूक झाली तर त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगायची. आठवड्यानं सांगून फक्त माझं मन हलकं झालं.