पाठलाग करणाऱ्याचा जाहीर सत्कार

आमच्या सोलापूर भागात टॉवेल-टोपी मिळवायला माणसाला फार काही करावं लागत नाही. नवा ट्रॅक्टर आणला, टॉवेल-टोपी. दवाखान्यातून सुखरूप घरी आला, टॉवेल-टोपी. अडलेली म्हैस सोडवली म्हणून जनावरांच्या डॉक्टरलाही टॉवेल-टोपी. काम जरा मोठं असलं तर वर चादर. या सगळ्याला माझी कधीच हरकत नव्हती. पण एका मुलीचा पाठलाग करणाऱ्या गड्याला, "आता नाही करणार" एवढं म्हटल्याबद्दल, स्टेजवर चादर पांघरलेली मी या डोळ्यांनी पाहिली. तेव्हापासून दुकानात चादरींची थप्पी दिसली तरी माझं डोकं फिरतं.

मी शहरात बायकांच्या एका लहानशा संघटनेत काम करते. पत्रकं लिहिणं हे माझं मुख्य काम. कायदा बदलून सगळी कलमं नव्या आकड्यांची झाली, तेव्हा आमची जुनी पत्रकं रद्दीत गेली आणि मी नवीन लिहिलं. बाईवर हात टाकला तर चौऱ्याहत्तर. लैंगिक छळ, म्हणजे नको ती मागणी आणि नको ते बोलणं, पंचाहत्तर. चोरून बघणं किंवा फोटो काढणं सत्याहत्तर. पाठलाग अठ्ठ्याहत्तर. घाणेरडे शब्द आणि हावभाव एकोणऐंशी. प्रत्येकापुढं शिक्षा. खाली जाड अक्षरात एकच ओळ: "हे गुन्हे आहेत, भानगडी नाहीत."

ते पत्रक घेऊन एक मुलगी आमच्या ऑफिसात आली. कुंभारीच्या पुढच्या एका गावाची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीनं ये-जा करणारी. तिनं पत्रक टेबलावर आपटलं आणि विचारलं, "ताई, ह्यातलं अठ्ठ्याहत्तर गाडीवरच्या माणसाला लागू हाय का, का चालत पाठलाग केला तरच?"

मी म्हटलं, "तो बैलगाडीतून आला तरी लागू आहे."

"मग लावा."

गावातला एक गडी, ज्याचे वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात वर्षभर लटकत असतात, रोज मोटारसायकलवरून तिच्या एसटीमागं यायचा. कॉलेजच्या गेटपर्यंत. परत येतानाही हजर. इतक्या नेमानं, की कंडक्टर त्याला एस्कॉर्ट म्हणायचा. "कलेक्टरला न्हाय एवढा बंदोबस्त आपल्या गाडीला हाय," असं म्हणून तिकिटं फाडायचा आणि अख्खी बस हसायची. मुलगी मात्र खिडकीपासून लांब, ताठ बसायची. शहर येईपर्यंत मान वळवायची नाही.

"आणि आता काय झालं?" मी विचारलं.

"आता माज्या वडलांना, अप्पांना कळलं. अप्पा म्हनले, सोमवारपतोर हे मिटलं पायजे. न्हाय मिटलं तर कॉलेज बंद."

"कॉलेज त्याचं बंद करायचं की तुझं?"

"त्यो कुटं कॉलेजला जातोय? गेटपतोरच येतोय की."

आम्ही तडक पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी चहा मागवला, पंखा आमच्याकडं वळवला आणि सांगितलं, "एक अर्ज देऊन जा."

अर्ज! अर्ज नळाला पाणी येत नाही म्हणून करतात. गुन्ह्याची नोंद होते, तिला एफआयआर म्हणतात, आणि अशा गुन्ह्यात ती बाई अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची असते. हे मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, आमच्या मॅडम बंदोबस्ताला गेल्यात, आणि तुमच्याकडं पुरावा काय आहे? कुणी बघितलंय?

"अख्ख्या बसनं," मुलगी म्हणाली.

"बस साक्ष देणार का?"

खरं तर बस साक्ष देणार नव्हती. कंडक्टरला आम्ही विचारून आलो होतो. तो म्हणाला होता, "ताई, त्याची पोरं माझ्या गाडीची काच फोडतील, मग मी काय सांगू डेपोला?" त्या गड्याचे मेसेज नव्या नव्या नंबरांवरून यायचे आणि पाठवल्या पाठवल्या तो ते पुसून टाकायचा. साहेबांना सगळं हवं होतं, आमच्याकडं काहीच नव्हतं, आणि सोमवार जवळ येत चालला होता.

तेवढ्यात गावाला खबर लागली. गावच्या तंटामुक्तीच्या अध्यक्षांचा मला फोन आला. अध्यक्ष म्हणजे वयस्क, पांढरा शर्ट, बोलणं गुळासारखं. भांडणं मिटवण्याचा त्यांना भारी शौक. बांधाचं भांडण, कोंबडीचं भांडण, वरातीतल्या नाचाचं भांडण, सगळं एकाच पद्धतीनं: दोघांना स्टेजवर बोलवायचं, दोघांना टॉवेल-टोपी, दोघांचं मनोगत, फोटो, चहा.

"ताई, पोलिसात कशाला जाताय," अध्यक्ष म्हणाले. "पोरानं आमाला शब्द दिलाय. रविवारी मारुतीच्या देवळाम्होरं कार्यक्रम ठेवलाय. त्याला टॉवेल-टोपी आन् चादर. पोरीला ब्लाऊजपीस."

मी म्हटलं, "काका, हा गुन्हा आहे. आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत तो बसतच नाही. तुम्ही स्टेजवर काय मिटवणार?"

"तुमी या तर. तुमालाबी नारळ देतो."

"आणि त्याला चादर कशाबद्दल?"

"शब्द देनाऱ्याचा मान राखाया लागतो की!"

मी हा निरोप मुलीला दिला. ती म्हणाली, "ब्लाऊजपीस कुठल्या रंगाचा, ते बी त्यांनीच ठरवलं आसंल."

रविवारी मी गेले ते कार्यक्रम उधळायला. पिशवीत पत्रकं होती, डोक्यात भाषण तयार होतं. मंडपात पाय ठेवते न ठेवते तोच दोन बायांनी मला कुंकू लावलं, हातात गुलाब दिला आणि पहिल्या रांगेत मान्यवरांच्या खुर्चीवर बसवलं. मी उठून म्हटलं, "माझा या कार्यक्रमाला विरोध आहे!" माईकवाला लगेच म्हणाला, "ताईंनी विरोध व्यक्त केलेला आहे, त्यांचं मनोगत आपन शेवटी घेनार आहोत, टाळ्या वाजवून स्वागत करूया." टाळ्या पडल्या. माणसाला इतक्या प्रेमानं गप्प बसवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

मुलगी माझ्या शेजारी. पलीकडं तिचे अप्पा, गुडघ्यावर हात ठेवून, खाली बघत. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं. त्यात गावचा इतिहास, पाणीटंचाई आणि डाळिंबाचा भाव आला, फक्त पाठलाग हा शब्द आला नाही. त्याला ते "पोरांचा किरकोळ इषय" म्हणत होते. मग नाव पुकारलं. गडी कडक इस्त्रीत स्टेजवर आला, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर, त्यावर चादर. फोटोसाठी तो दोनदा हसला. आणि मग आमच्याकडची रीत म्हणून त्याच्या हातात माईक दिला. सत्कार घेतला की मनोगत सांगावंच लागतं.

"सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठ आन् माज्या बंधू-भगिनींनो," त्यानं सुरुवात केली. समोर त्याचीच पोरं मोबाईल उंच धरून हे सगळं लाईव्ह दाखवत होती. "आज मला लई आनंद होतोय. कॉलेज चालू झाल्यापास्नं मी सदर भगिनीच्या मागं हाय."

मी मुलीकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"रोज! ऊन न्हाय बघितलं, पाऊस न्हाय बघितला. एसटी चुकली आसंल, मी चुकलो न्हाय. कंडक्टरला इचारा." पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. "तिनं मला सोताच्या तोंडानं सांगितलं की माज्या मागं येऊ नगंस. एकदा न्हाय, लई येळा. बसमधी सगळ्यांम्होरं सांगितलं. पर आपला सोभाव आसा हाय की हातात घेतलं की सोडायचं न्हाय."

टाळ्या.

मी पिशवीतून हळूच पत्रक काढलं. पाठलागाच्या कलमाला काय काय लागतं ते त्यावर मीच लिहिलेलं: पुन्हा पुन्हा मागं जाणं, संपर्काचा प्रयत्न करणं, आणि बाईनं स्पष्ट नकार दिल्यावरही हे चालू ठेवणं. हा गडी तर माझंच पत्रक वाचून दाखवत होता. फक्त संपर्क राहिला होता.

"तिनं माजा नंबर ब्लॉक केला," गडी म्हणाला. "मी नवीन सिम घेतलं. त्येबी ब्लॉक केलं. मग मी मित्राच्या फोनवरनं मेसेज टाकले. हितंच बसलाय त्यो, हात वर कर रे!"

मित्रानं हात वर केला. त्यालाही टाळ्या मिळाल्या.

"पर आज अध्यक्षांच्या शब्दाखातर मी हे समदं बंद करतोय. जय महाराष्ट्र!"

मुलगी माझ्या कानाशी लागली. "ताई, आता कुनी बघितलंय आसं इचारलं तर?"

"गावानं," मी म्हटलं. "चहापाण्यासकट."

शेवटी माझं मनोगत पुकारलं. घरून ठरवून आणलेलं भाषण मी गुंडाळून ठेवलं. एवढंच म्हणाले, "आजचे सत्कारमूर्ती फार मोकळेपणानं बोलले, त्याबद्दल त्यांचे आभार." अध्यक्षांचा चेहरा खुलला. मला नारळ मिळाला. मुलीला ब्लाऊजपीस देताना अध्यक्ष म्हणाले, "आता खूश का बाळ?" ती म्हणाली, "काका, मला ब्लाऊजपीस न्हाय, एसटी पायजे." ब्लाऊजपीस तिनं खुर्चीवरच ठेवला.

मंडपातून आम्ही सरळ ठाण्यात गेलो. लाईव्हचा व्हिडिओ तोवर गावभर फिरत होता. या खेपेला मॅडम होत्या. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत. त्यांनी व्हिडिओ पाहिला. "हात वर कर रे" आल्यावर थांबवला, मागं घेतला, परत पाहिला. मग कागद पुढं ओढला आणि म्हणाल्या, "पोलिसांपुढं कबुली दिली तर कोर्टात चालत नाही. ह्यानं माईकवर दिली. बोल बाळ, पहिल्यापासून सांग."

सगळं लिहून होतंय तोच अध्यक्ष हजर! हातात कापडी पिशवी, पिशवीत चादर. साहेबांचा सत्कार करून विषय मिटवायचा बेत होता.

"काका, बसा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही साक्षीदार आहात."

"मी? मी अध्यक्ष हाय."

"म्हणून तर पहिले. तुमच्यासमोर तो काय बोलला?"

अध्यक्षांनी इकडंतिकडं बघितलं. त्यांच्या जन्मात त्यांचा शब्द कुणी एवढ्या काळजीनं लिहून घेतला नसावा. ते हळूहळू रंगात आले. म्हणाले, "आधी माझं प्रास्ताविक घ्या, त्याबिगर संदर्भ लागनार न्हाय." मॅडमनी डाळिंबाचा भाव सोडून बाकी घेतलं. सही करताना अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं, "आन् त्याला घातलेली चादर? ती मुद्देमालात जानार का?"

"चादर नको काका. व्हिडिओ काढलेला मोबाईल आणायला माणूस पाठवलाय."

आणि मजा बघा, अध्यक्षांनी जबाब दिला म्हटल्यावर कंडक्टरही आला. एकट्यानं बोलायला घाबरणारी माणसं, पहिला कुणी बोलला की रांग लावतात.

गुन्हा नोंदला. कलम अठ्ठ्याहत्तर. आता खरं सांगते, माझं डोकं जिथं फिरतं ते इथं. पहिल्या खेपेच्या पाठलागाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो जामीनपात्र आहे. म्हणजे गडी ठाण्यात आला, कागद केले आणि बाहेर. कोर्टात शिक्षा होऊन पुन्हा तेच केलं, तर पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा जामीन हक्कानं मिळत नाही. कायद्यानं पहिला पाठलाग जवळजवळ सरावासाठी ठेवलाय, असं मी मॅडमना म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "पत्रकात लिहा." लिहिलंय.

ठाण्याच्या पायरीवर अप्पा उभे होते. आत यायला ते तयार नव्हते. मुलीला बघून म्हणाले, "मिटलं का?"

त्यांची अट मिटण्याची होती, आणि आम्ही तर चांगलं कलम लावून आलो होतो.

मुलीनं एफआयआरची प्रत त्यांच्यापुढं धरली. "मिटलं न्हाय अप्पा. मिटवलं आसतं तर त्यो चादर पांघरून परत आला आसता. आता कोर्टात त्याला उत्तर द्यावं लागंल."

अप्पांनी प्रत हातात घेतली, उलटी-सुलटी केली. मग म्हणाले, "त्यो माईकवर बोलत व्हता तवा लोक टाळ्या वाजवत व्हते. मी न्हाय वाजवल्या."

"बघितलं मी," ती म्हणाली.

"उद्याला डबा न्यायचा का तिकडंच खानार?"

सोमवारी मी मुद्दाम तिच्या गावातून तिच्यासोबत एसटीनं आले. कंडक्टर दारात लोंबकळत मागं बघत होता. रस्ता मोकळा. "आज बंदोबस्त न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला, "गाडी जपून चालवा!" बस हसली. मुलीनं खिडकीची जागा धरली होती. मी तिला जामिनाच्या अटी समजावून सांगायला लागले. मोठा विषय होता, मी तन्मय होऊन बोलत होते. वळून बघते तर ती काचेला डोकं टेकवून, तोंड उघडं टाकून, डबा मांडीवर धरून गाढ झोपलेली.

कॉलेजचा थांबा आला. कंडक्टरनं घंटी मारली, हाका मारल्या, मी खांदा हलवला. उठली नाही. थांबा गेला. पुढच्या थांब्यावर जागी झाली, बाहेर बघितलं आणि माझ्यावरच डाफरली, "ताई, थांबा गेला की! तुमी काय करत होता?"

"कलम सांगत होते."

"उतरा आता," ती म्हणाली, आणि आम्ही कॉलेजकडं चालत उलटं निघालो. ती पुढं, हातातला डबा झुलवत. मागं वळून तिनं एकदाही बघितलं नाही.